धीरजची स्टीलची डबी

ओतूरच्या पेठेत माझी रक्त-लघवी तपासण्याची लॅब होती. लोक नमुने कशाकशातून आणतात याची मी एकदा यादी केली होती. इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्या, काडेपेट्या, बाळाच्या पावडरचा डबा, लोणच्याची बरणी, आणि एकदा तर लग्नात मिळालेली अत्तरदाणी. पण नाव कोरलेल्या स्टीलच्या डबीतून शौचाचा नमुना आणणारा माणूस मला आयुष्यात एकच भेटला. हस्तीमलशेठ.

डबी चकचकीत, झाकण घट्ट, आणि झाकणावर भांड्यांवर नाव घालायच्या मशिनने ठिपक्याठिपक्यांत कोरलेलं: ‘धीरज’.

ही नव्वद सालानंतरची दोन-तीन वर्षांतली गोष्ट. लॅब नवी होती आणि मी प्रत्येक रुग्णाचा फॉर्म नीट भरून घ्यायचे. नाव? “धीरज.” वय? “तीस धरा. जास्तच असेल.” तक्रार? “जेवण कमी झालंय. सुस्त असतो. एका जागी बसला की बसला.” तीस वर्षांच्या मुलाबद्दल आमच्या पेठेतला कुठलाही बाप हेच सांगतो, म्हणून मी पुढे काही विचारलं नाही.

स्लाइड लावली आणि मला घाम फुटला. नुसत्या पाल्याच्या शिरा. भाताचा कण नाही, भाकरीचा नाही, तेलाचा थेंब नाही. वर जंतांची अंडी, आणि तीही माणसात कधी न पाहिलेली. दुसरी स्लाइड लावली, तीच कथा. संध्याकाळी शेठ आले तेव्हा मी त्यांना खुर्ची दिली. वाईट बातमी असली की मी खुर्ची देते.

“शेठ, धीरज जेवतो काय?”

“पालेभाजी. दूर्वा फार आवडतात. जास्वंदीचं फूल मिळालं तर खूश असतो.”

“भाकरी?”

“नाही.”

“भात? वरण?”

“कधीच नाही.”

“हे कधीपासून?”

“पहिल्यापासून.”

“शेठ, त्याचं लग्न झालंय का?”

शेठनी मान वाकडी करून माझ्या फॉर्मकडे पाहिलं. मग म्हणाले, “ताई, धीरज कासव आहे.”

मी फॉर्म फाडला नाही. ‘लिंग’ या रकान्यापुढे ‘पुरुष’ लिहिलं होतं ते बरोबरच होतं. फक्त वर पेन्सिलीने ‘कासव’ असं लिहिलं आणि तो वेगळ्या फाइलला लावला. त्या फाइलमध्ये पुढे दर महिन्याला एका चिठ्ठीची नक्कल पडत गेली.

हस्तीमलशेठचं भांड्यांचं दुकान माझ्या लॅबसमोर. घराणं जैन, मूळचं राजस्थानातलं, पण शेठचे आजोबासुद्धा ओतुरात जन्मलेले. मराठी तुमच्याआमच्यासारखं. काटकुळी अंगकाठी, पांढरी टोपी, वय साठीला टेकलेलं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, दोन्ही मुलं पुण्याला धंद्यात. खाली दुकान, वर शेठ आणि धीरज. भांडं विकण्याआधी शेठ त्यावर बोटाचं पेर मारून कान लावायचे. आवाज पसंत पडला नाही तर गिऱ्हाईक पसंत करून बसलं असलं तरी भांडं परत फळीवर. “हे तुम्हाला नको,” एवढंच सांगायचे.

त्यांचं एक पालुपद होतं: “ज्याचं त्यालाच.” सुनेनं कळशी आपटून पोचा आणला, ज्याचं त्यालाच. कोणाला लॉटरी लागली, ज्याचं त्यालाच. आपलं कर्म आपणच भोगायचं, दुसऱ्याला त्यात वाटा घेता येत नाही आणि देताही येत नाही, हा त्यांच्या धर्मातला विचार. पण शेठ तो हवापाण्यासारखा वापरायचे. माझे यजमान स्कूटरवरून पडून पाय मोडून घेऊन आले, तेव्हा शेठ मोसंबी घेऊन भेटायला आले, अर्धा तास शांत बसले, आणि उठताना प्लास्टरवर हळूच हात ठेवून म्हणाले, “ज्याचं त्यालाच.” यजमान त्यानंतर दोन वर्षं त्या दुकानातून चमचासुद्धा आणू देत नव्हते.

शेठकडे केरवाऱ्याला आणि भांड्यांना सखूबाई होती. ती डिंगोऱ्याहून सकाळच्या एस्टीने यायची आणि शेठना उलटं बोलायची मक्तेदारी तिच्याकडे होती. “आमचं शेटजी मुंगीला वळसा घालून जात्यात,” ती मला सांगायची, “आन् मला म्हंत्यात फरशी लख पूस. मुंग्या न्हाई उठवायच्या आन् फरशी पुसायची. कशी पुसू? वरच्या वर?”

धीरज शेठकडे आला तो पुण्य करताना झालेल्या चुकीमुळे. भीमाशंकरच्या रस्त्याला एक माणूस पोत्यात कासवं घेऊन बसला होता. पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेली. शेठनी एक सोडवून घेतलं, ओतूरला आणलं, आणि जीव सोडवल्याचं पुण्य म्हणून मांडवी नदीत नेऊन सोडलं. कासव दगडासारखं बुडालं. ती जमिनीवरची जात, तिला पोहता येत नाही, हे काठावर धुणं धुणाऱ्या एका बाईने ओरडून सांगितलं. शेठ धोतरानिशी पाण्यात. कासव हाताला लागलं तेव्हा त्याच्या नाकातोंडातून पाणी येत होतं. ते रात्रभर उलटंपालटं करत जगवलं, आणि मग त्याला कुठे सोडायचा धीर शेठना झाला नाही. “दया करायला गेलो आणि मारायला निघालो होतो, ताई. तेव्हापासून मी आधी विचारतो.”

अशी कासवं घरात ठेवणं कायद्याला धरून नाही, हे आमच्यापैकी कोणालाच तेव्हा ठाऊक नव्हतं. पुष्कळ वर्षांनी कळलं, तेव्हा शेठ स्वतः जाऊन धीरजला वनखात्याच्या स्वाधीन करून आले, आणि सोबत माझ्या सगळ्या चिठ्ठ्या तारीखवार लावून दिल्या. पण हे नंतरचं.

धीरज घरचं वळण पाळायचा. कांदा-बटाट्याला तोंड लावायचा नाही, कारण त्याला ते कोणी दिलंच नव्हतं. सूर्य मावळला की तो कोपऱ्यात जाऊन मान आत घेई, त्यामुळे शेठ अभिमानाने सांगत, “रात्री अन्न नाही, पाणी नाही. आमच्या मुलांना जमलं नाही ते हा पाळतो.” थंड रक्ताचा प्राणी ऊन गेल्यावर हलत नाही, हे मी त्यांना एकदा समजावून सांगितलं. ते म्हणाले, “कारण काही असो. पाळतो ना?”

पहिल्या महिन्याच्या चिठ्ठीवरच आमचं अडलं. मी लिहिलं होतं, ‘जंतांची अंडी: भरपूर’. शेठनी चिठ्ठी टेबलावर परत ठेवली. “ताई, हा शब्द लिहिलेला कागद मी घरात कसा नेऊ?”

“मग काय लिहू?”

“दाणे लिहा.”

तेव्हापासून माझ्या फाइलमध्ये ‘जंतांचे दाणे’ आहेत. दुसरी अट अशी, की स्लाइड बघून झाली की उरलेला नमुना डबीत परत द्यायचा. माझ्याकडचा नमुना फिनेलमध्ये जातो आणि त्यातले जीव मरतात, हे त्यांनी एकदा पाहिलं होतं. टाकायचं काम वाचलं म्हणून मी तक्रार केली नाही, फक्त डबी नेताना-आणताना साबणाने हात धुवायची माझी अट त्यांना घातली. ती त्यांनी कधी चुकवली नाही.

जनावरांच्या दवाखान्यात तेव्हा बांगर डॉक्टर होते, तरुण, घोडेगावकडचे. कासव त्यांनीही फक्त पुस्तकात पाहिलं होतं, पण माणूस मेहनती. त्यांनी कॉलेजातल्या आपल्या सरांना पत्र टाकलं आणि उत्तर आलं, ते मला वाचून दाखवलं. कासवाच्या पोटात हे बारीक जंत असतातच. थोडे असले तर त्यांना हात लावू नये. फार वाढले, खाणं सुटलं, वजन उतरलं, तरच गाई-म्हशींची जंतांची पावडर, वजनाच्या मापाने, दोनदा, मध्ये पंधरा दिवस. आणि खाली लाल शाईने: शेळ्या-मेंढ्यांना देतात ते नवीन इंजेक्शन चुकूनही देऊ नये, त्याने कासव जातं.

यातलं ‘हात लावू नये’ एवढंच शेठना आवडलं. “थोडे म्हणजे किती?” ते विचारायचे, आणि म्हणून दर महिन्याला डबी यायची. मी दाणे मोजायचे. शेठ दुकानातल्या तांब्या-पितळेच्या काट्यावर धीरजचं वजन करून आणायचे. दोन्ही आकडे मी एका कागदावर मांडायचे. सात-आठ वर्षं हा कागद सरळ चालला. वजन पावणेदोन किलोच्या आसपास, दाणे कधी कमी, कधी जास्त.

मग एका हिवाळ्यात दोन्ही आकडे एकमेकांकडे पाठ फिरवून चालायला लागले. थंडी त्या वर्षी कडक होती, घाटघरच्या बाजूला तर गवतावर पांढरं पडायचं म्हणत. दाणे महिन्यात तिप्पट. वजन दीड किलो, मग त्याच्याही खाली. धीरजने आधी दूर्वा सोडल्या, मग पालेभाजी.

शेठनी आपले उपाय सुरू केले. वावडिंगाची पूड झाली, भोपळ्याच्या बिया झाल्या. ते बांगर डॉक्टरांना म्हणाले, “पाहुण्याला आपण होऊन निघावंसं वाटलं पाहिजे, असं काही द्या. धक्के मारून काढायचं नाही.”

सखूबाई फरशी पुसता पुसता म्हणाली, “ह्ये पावणं न्हाई जायाचं शेटजी. आयतं गिळाया मिळतंय, कशाला जात्याल?”

रोज सकाळी ते धीरजला कोमट पाण्याच्या परातीत बसवायचे. त्याने पोट हलायचं आणि थोडे जंत पडायचे, बारीक दोऱ्यासारखे, जिवंत. शेठ ते रंगाच्या कुंचल्याने एकेक उचलून तुळशीच्या कुंडीखाली ओल्या सावलीत ठेवायचे. तिथे ते जगतात का, हे त्यांनी मला कधी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

शेवटी बांगर डॉक्टर स्वतः वर गेले, मीही सोबत होते. धीरजचा पाय ओढून पाहिला. तो त्याने आत घेतला, पण सावकाश.

“शेठ, आता पावडर. आजच.”

“त्याने जंत बाहेर पडतील?”

“पडतील.”

“जिवंत?”

डॉक्टर खोटं बोलू शकले असते. मला वाटतं मी बोलले असते. ते म्हणाले, “नाही. मरतील.”

“किती?”

“शेकड्यांनी.”

शेठनी हात जोडले. “मग नाही जमायचं. ते माझ्या दारी आले, मी आणले नाहीत. एकाला ठेवायचं म्हणून शेकडो मारायचे, हे मी कुठल्या तोंडाने करू?”

“अहो, कासव मेलं तर आतले जंतसुद्धा मरणारच की!”

हे शेठच्या ध्यानात आलं नव्हतं. त्यांनी धीरजच्या पाठीवर हात ठेवला. मग म्हणाले, “ते त्यांच्या मरणाने मरतील. ज्याचं त्यालाच.” पण या वेळी ते वाक्य त्यांना नीट म्हणता आलं नाही.

जिना उतरताना डॉक्टर मला म्हणाले, “आठ दिवस. त्यापुढे नाही.” मग लॅबमध्ये आले, चहा घेतला, पाकिटाच्या मागे गणित केलं, आणि दोन पुड्या माझ्या टेबलावर ठेवून उठले.

“डॉक्टर, पुड्या राहिल्या.”

“हो ना, विसरलो बघा,” ते दारातून म्हणाले. पुड्यांवर ‘पहिली’ आणि ‘पंधरा दिवसांनी दुसरी’ असं व्यवस्थित लिहिलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. भर बाजाराच्या दिवशी फळ्या बंद, आणि वर गच्चीवर शेठ धीरजला उन्हात घेऊन बसलेले, ऊन सरकेल तसं पोतं सरकवत. माझ्या खिडकीतून ते दिसायचे. संध्याकाळी मी सखूबाईला बोलावून घेतलं.

“शेटजींला सांगायचं न्हाई व्हय?” तिने विचारलं.

“नाही.”

“मंग पाप कुनाला?”

“माझ्या नावावर मांड.”

“तुमी एकल्याच कशाला? मी काय मेले का?” ती म्हणाली. “लाल दिसलं की मुंडी भाईर काढतंय बगा त्ये. टमाटं आना.”

शेठ सकाळी सात ते आठ मंदिरात जायचे. जीव गेला तरी ही वेळ चुकायची नाही. मंगळवारी सव्वासातला मी टोमॅटो आणि पहिली पुडी घेऊन वर गेले. सखूबाईने धीरजला कोमट पाण्यातून काढून पंचावर ठेवलं होतं. मी फोडीवर पावडर दाबून बसवली. सखूबाईने फोड त्याच्या नाकापुढे धरली.

“घे रं बाबा. घे. चार मानसांचा जीव टांगलाय तुझ्यापायी.”

पाच मिनिटं काही नाही. मग मान आली, अर्धा इंच. मग तोंड उघडलं. एक घास. दुसरा घास. तिसऱ्याला सखूबाईच्या बोटाला दात नसलेला चावा बसला, पण ती हलली नाही.

जिना उतरताना खाली शेठच्या चपला दिसल्या. मी सखूबाईकडे पाहिलं. “दुसरा जोड आसंल,” ती म्हणाली. शेठकडे चपलांचा एकच जोड होता, हे मला दुपारी आठवलं. पण तोवर शेठ दुकान उघडून बसले होते आणि मला रोजच्यासारखा नमस्कार करत होते, म्हणून मी तो विचार बाजूला ठेवला.

पंधरा दिवसांनी दुसरी पुडी. मी घाईत टोमॅटो विसरले होते. वर गेले तर ओट्यावर ताटलीत टोमॅटो तयार, धुतलेला, चार फोडी करून, बियाही काढलेल्या. सखूबाई शहाणी झाली, असं मनात म्हणत मी पावडर लावली. नंतर कळलं, तिला वाटत होतं मीच आणलाय.

त्यानंतर अडीच-तीन आठवड्यांनी डबी आली. मी एक स्लाइड पाहिली, दुसरी पाहिली, तिसरी पाहिली. शेठ समोर उभे.

“किती?”

“शेठ, एकही दाणा नाही.”

“एकही नाही?”

“एकही नाही. वजन?”

“शंभर ग्रॅम वाढलं.”

मला वाटलं होतं पेढे येतील. शेठनी टोपी काढली, डोळे मिटले आणि रस्त्याने अंत्ययात्रा जाताना माणूस उभा राहतो तसे मिनिटभर उभे राहिले. मग डबी उचलली, नळावर साबणाने हात धुतले आणि गेले. वावडिंगाचा गुण आला का, देवाची कृपा झाली का, एक अक्षर नाही. मी फाइलमध्ये शून्य मांडलं आणि सुटले असं समजले.

नऊ दिवसांनी, दुपारी बारा-साडेबाराला, सखूबाई शेठना दंडाला धरून लॅबमध्ये घेऊन आली.

“जिन्यात बसलं व्हतं, भितीला टेकून. चक्कर आली म्हंत्यात. तपासा ह्यांला. कासवाचं बगता, मानसाचं बी बगा.”

“काही नाही ताई, ऊन लागलं,” शेठ म्हणाले. जानेवारी महिना होता.

त्यांचा चेहरा आत गेला होता. मधुमेह असेल म्हणून मी रक्त घेतलं, लघवी घेतली. रक्तातली साखर चढलेली नाही, उलट कमीकडे. लघवीत साखर नाही. मग परीक्षानळीत लघवी घेऊन त्यात ॲसिटोन तपासायची पावडर टाकली आणि वरून अलगद अमोनिया सोडला. दोन थरांच्या मध्ये जांभळं कडं धरलं, वांग्याच्या सालीसारखं गडद. साखर नाही आणि कडं मात्र असं, याचा अर्थ कुठल्याही पुस्तकात एकच दिला आहे. या माणसाच्या पोटात अन्न नाही. एका दिवसाचं नाही, कित्येक दिवसांचं.

मी नळी त्यांच्यासमोर धरली. “शेठ, किती दिवस झाले?”

त्यांनी नळीकडे कौतुकाने पाहिलं. “यात दिसतं का हे? आज आठवा.”

“उपास?”

“नुसतं उकळलेलं पाणी. सूर्य असेपर्यंत.”

सखूबाई मटकन बाकावर बसली. “आन् मला म्हनत व्हते मंदिरातनं डबा येतोय!”

“अठाई आहे,” शेठ म्हणाले. आठ दिवसांच्या उपासाला त्यांच्यात अठाई म्हणतात. पर्युषणात कोणी केली की मंडप पडतो, मिरवणूक निघते, नातेवाईक गावोगावाहून येतात. हे दिवस पर्युषणाचे नव्हते, आणि वाजंत्री कुठे ऐकू आली नव्हती.

“कशासाठी?” मी विचारलं, जरी मला ते कळायला लागलं होतं.

“त्या मंगळवारी मी चष्मा विसरलो होतो. घ्यायला परत आलो.” शेठ अगदी सावकाश, भांड्याचा भाव सांगावा तसे बोलत होते. “दारातून बघितलं. तुम्ही पावडर लावत होतात, ही भरवत होती. मी ओरडलो असतो तर धीरजने मान आत घेतली असती. मी ओरडलो नाही. जिन्यात थांबलो, तुम्ही उतरायला लागल्यावर दुकानात शिरलो. आमच्यात करणं, करवून घेणं आणि त्याला मनातून हो म्हणणं, तिन्ही सारखं. उणंअधिक नाही.”

“आणि दुसऱ्या वेळचा टोमॅटो?”

शेठनी मान खाली घातली. “बिया त्याच्या तोंडाला चिकटतात,” ते म्हणाले.

मी हिशेबी बाई आहे. आकडा जुळला नाही की मला पुढे जाता येत नाही. “पण शेठ, डोस दोन. तुमचे दोन उपास होतात. आठ कुठून आले?”

“माणसं चार ना?” शेठ म्हणाले. “डॉक्टरांनी पुड्या दिल्या. तुम्ही लावली. हिने भरवली. मी बघितलं. चार दुणे आठ.”

बाहेर एस्टीचा हॉर्न वाजला.

“शेठ,” मी म्हणाले, “ज्याचं त्यालाच ना?”

“तेच खरं आहे,” ते घाईने म्हणाले, जणू मी त्यांना चोरी करताना पकडलं होतं. “दुसऱ्याचं आपल्याला घेता येत नाही. शास्त्रात बसत नाही. आमच्या महाराजांना कळलं तर रागावतील. पण तुमच्याच्याने झाले असते का, ताई? सकाळी चहाला उशीर झाला की तुमच्याकडे दोन नळ्या फुटतात, मला समोर ऐकू येतं. ही दिवसभर राबते, हिला उपाशी कशी ठेवू? आणि डॉक्टर बुधवारी, रविवारी काय जेवतात ते मी बोलत नाही. मग राहिलं कोण?”

सखूबाईने पदर तोंडाला लावला. “येडं मानूस,” ती पदराआडून म्हणाली, “लई येडं मानूस.”

“मुलांना कळवलंत?”

“काय कळवू? कासवापायी अठाई केली म्हणून?” ते हसले. “बँड लावून येतील का ते?”

अठाई सोडायची ती दुसऱ्याच्या हातून, घरच्या माणसाने पहिला घोट द्यायचा. त्याला पारणं म्हणतात. हे मला ठाऊक होतं, कारण पेठेतल्या बऱ्याच घरांतलं बोलावणं मला येतं. शेठनी त्याची काय व्यवस्था केली आहे, असं मी विचारलं. ते म्हणाले, “पाणी मुगाचं लागतं. मी रात्री भिजत घालीन. आपल्या हाताने घेतलं तरी चालतं.”

“चालत नाही,” मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सूर्य वर आल्यावर आम्ही तिघं जिना चढलो. माझ्या हातात मुगाचं पातळ पाणी, सखूबाईकडे सुंठीचं, आणि बांगर डॉक्टर रिकाम्या हातांनी, आंघोळ करून, कपाळाला गंध लावून, लग्नाला आल्यासारखे. पहिला चमचा मी दिला. दुसरा डॉक्टरांनी. तिसऱ्याला सखूबाई म्हणाली, “घ्या. चावू नका म्हंजी झालं.” शेठना ठसका लागला. गच्चीच्या दारात धीरज जास्वंद खात होता आणि त्याला आमच्यात काही रस नव्हता.

आठवड्याने शेठ डबी घेऊन आले. सोबत कागदात गुंडाळलेली एक स्टीलची लहान वाटी. अठाईनंतर असं भांडं वाटायची त्यांच्यात रीत आहे, त्यावर कोणाचं तप आणि कोणाकडून भेट हे कोरलेलं असतं. माझ्या वाटीवर फक्त माझं नाव होतं आणि नावाखाली ठिपक्यांनी एक आकडा: २. सखूबाईला तशीच मिळाली, डॉक्टरांनाही. डॉक्टरांची पुढे बदली झाली तेव्हा ती त्यांच्या सामानात वर्तमानपत्रात गुंडाळताना मी पाहिली.

आमच्याकडे हळदीकुंकू, बारसं, श्रावणी सोमवार, काही असलं की शेजारीपाजारी भांडी मागायला येतात, म्हणून घरातल्या भांड्यांची मी यादी ठेवते. कोणतं किती, कोणाकडे गेलं, परत आलं की नाही. त्या यादीत ती वाटी शेवटून तिसरी आहे: स्टीलची, लहान, नग एक. पुढे शेऱ्याच्या रकान्यात मी लिहून ठेवलं आहे, बाहेर द्यायची नाही.